गवत निघालं तरी

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, थंडीत सांधे आखडू नयेत म्हणून मेथीचे लाडू कसे करावेत ते. आणि दुसरी, माझ्या भावाला मारतानाचा व्हिडिओ. पाठवणारा दरवर्षी वेगळा असतो, वरचा मजकूर मात्र तोच: 'सावधान! जोकर गँगमधला एक सापडला. आपल्या भागात फिरत आहेत. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.' खाली कुणीतरी जोडलेले हात टाकतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की या ग्रुपवर मीसुद्धा आहे, आणि तो व्हिडिओ घाईघाईनं काढून टाकला जातो. यंदा तो पहिल्याच आठवड्यात आला. मी मशीनवर बसले होते. पाठोपाठ लाडूही आले.

एरवी बेळगावचा डिसेंबर मला फार आवडायचा. शहापुरात माझं कपडे शिवायचं छोटं दुकान आहे आणि हा आमच्या धंद्याचा महिना. शाळाशाळांतून गॅदरिंग असतं. एका डिसेंबरात मी जितकी फुलपाखरं शिवते तितकी खानापूरच्या रानातही नसतील. सॅटिन मशीनखालून सुळसुळत जातं, थंडीनं बोटं वळत नाहीत, दाराशी कुणाची तरी आई पोराला धरून उभी असते आणि त्या पोराला काही केल्या शेपटी नको असते. माहेराहून, गुंजीहून, नव्या तांदळाची पिशवी येते. भाताला पहिली उकळी आली की समोरच्या काकू खिडकीतून विचारतात, आलं वाटतं गावाकडनं.

आणि कॅम्पातल्या फूटपाथवर ओल्डमॅन येऊन बसतात. बेळगावबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. जुनी पँट, जुना शर्ट, आत गच्च भरलेलं भाताचं गवत, वर एक मुखवटा. सरत्या वर्षाचा म्हातारा तो. एकतीस तारखेला पोरं त्याला गल्लीच्या तोंडाशी बसवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून वर्गणी मागतात आणि रात्री बाराला पेटवून देतात. साहेबाच्या काळापासून चालत आलंय म्हणतात, खरंखोटं मला ठाऊक नाही. बेळगावकरांना त्यात काही विशेष वाटत नाही. स्कूटरच्या मागच्या सीटवर ओल्डमॅनला बांधून नेणारा माणूस दिसला तर आम्ही फक्त मुखवटा कसा जमलाय ते बघतो.

लहानपणी आम्ही दोघं पहिल्यांदा गुंजीहून रेल्वेनं मावशीकडे आलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ परशराम, आमचा परशा, फूटपाथवरचा ओल्डमॅन बघून भोकाड पसरून रडला होता. मावशीला लांबलचक समजावणं जमत नसे. तिनं त्याचा हात धरला आणि त्या बाहुल्याच्या शर्टाच्या दोन बटणांमधून आत घातला. "बघ रं, गवत हाय," ती म्हणाली. परशानं आत बोटं हलवून बघितली, एक काडी ओढून बाहेर काढली, आणि रडता रडता हसायला लागला. पुढे कितीतरी दिवस ती काडी त्याच्या खिशात होती. भीती घालवायला एवढं पुरतं अशी माझी समजूत होती.

परशा भलता बुजरा. शिक्षण बेताचं, नोकरी उद्यमबागेतल्या फौंड्रीत. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्याच्या वतीनं मीच बोलले. मुलीकडच्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलगा मुका तर नाही ना.

असा हा माणूस जोकर झाला, त्याला कारण माझं दुकान. कुणीतरी गॅदरिंगसाठी मोठ्या मापाचा जोकरचा ड्रेस शिवायला टाकला आणि नेलाच नाही. अर्धा पिवळा, अर्धा लाल, गळ्याला झालरीची पट्टी, पुढं लोकरीचे गोंडे. एका रविवारी परशानं तो गंमत म्हणून अंगात घातला, तोंडाला पावडर फासली, माझ्या लिपस्टिकनं ओठ कानापर्यंत नेले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. गल्लीतली पोरं जमली. आणि माझा मुका भाऊ बोलायला लागला. काय बोलत होता देव जाणे, पण पोरं पोट धरून हसत होती. मी कात्री हातात घेऊन दारात उभी राहिले. इतकी वर्षं हे सगळं बोलणं याच्या आत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता, असं वाटून मला रडू आलं. त्यानंतर रविवारी तो वाढदिवसांना जाऊ लागला. पोरं त्याला जोकरमामा म्हणायची. फौंड्रीतल्या परशाला गल्लीत फारसं कुणी ओळखत नसे, जोकरमामाला सगळे ओळखायचे.

मग काही वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर आला. आधी एक फोटो आला, कुठल्या देशातला कुणास ठाऊक: पांढरं तोंड, काळे डोळे, रक्तासारखी लाल जिवणी. असले जोकर गावोगाव फिरताहेत, पोरं पळवताहेत. हा हा म्हणता ते आमच्या मुलखात येऊन पोचले. खानापूरला शाळेच्या मागं उभा होता म्हणे. लोंढ्याला प्लॅटफॉर्मच्या टोकाला दिसला म्हणे. स्वतः बघितलेला माणूस मला एकही भेटला नाही, पण बघितलेल्याच्या ओळखीची माणसं रोज दुकानात येत. कोल्हापूरकडच्या माझ्या नणंदेच्या मराठी ग्रुपवर लिहिलेलं असायचं की ही टोळी कर्नाटकातून आली आहे. आमच्या शेजारणीच्या कानडी ग्रुपवर तीच टोळी महाराष्ट्रातून आली होती. फोटो तोच, फोटोतली पोरंही तीच. सीमेवरून एवढी वर्षं भांडणाऱ्या दोन्हीकडच्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं म्हणायचं, ते म्हणजे वाईट माणूस पलीकडून येतो.

लोकांच्या पाचावर धारण बसली. पोरं शाळेला एकटी जाईनात. दुकानांतून जोकरचे मुखवटे गायब झाले. एका शाळेतल्या बाई माझ्याकडे शिवायला टाकलेले जोकरचे ड्रेस रद्द करायला आल्या, म्हणाल्या, आम्ही त्या नाचात जोकरांऐवजी शेतकरी घेतलेत, धोतरं होतील का. मी त्याच पोरांना धोतरं शिवून दिली. नाच, गाणं सगळं तेच होतं, फक्त पूर्वी हसायचं होतं तिथं आता नांगर धरायचा होता.

परशालाही मी म्हटलं, हा महिनाभर थांब. त्यानं थोडे वाढदिवस सोडलेसुद्धा. पण बोरगावचं बोलावणं आधीचं होतं. निपाणीच्या पुढचं बोरगाव. तिथले तंबाखूचे एक व्यापारी, मोठं जैन घराणं, त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. त्यांचा नातू बेळगावात होस्टेलला होता, नाताळच्या सुट्टीत त्याचा वाढदिवस येई. त्याला गावातल्या मित्रांना ओल्डमॅन दाखवायचा होता, कारण तिकडं ती पद्धतच नाही. येताना एक करून आणा, लहानसा, असा आप्पांचा फोन आला. अफवांचं मी काढलं, तर परशा हसला. म्हणाला, "जोकरला बघून माणसं हसत्यात आक्का. एवढं कळतंय लोकास्नी."

ओल्डमॅन आम्ही माझ्या दुकानातच केला. गवत गुंजीचं. कपडे माझ्या मुलाच्या जुन्या शाळेचे, निळी हाफ पँट आणि पांढरा शर्ट. पायांच्या जागी मोजे भरले. मुखवटा वाऱ्यानं उडू नये म्हणून परशानं बाहुल्याच्या डोक्यावरून एक जुनं फडकं घेतलं आणि मानेशी बांधलं. मग तो बाहुला स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवला आणि दोरीनं आवळला. नंतर पुष्कळांनी मला सांगितलं की युनिफॉर्म द्यायला नको होता. एकजण तर म्हणाला, तुमचंही थोडं चुकलंच. मी असलं काही अंगाला लावून घेत नाही. जुने कपडे होते, ओल्डमॅनला जुनेच कपडे घालतात.

निपाणीच्या पुढं एका ओळखीच्या पेट्रोल पंपावर थांबून परशानं ड्रेस चढवला आणि तोंड रंगवलं. तशी त्याची रीतच होती. घरात शिरताना पोरांनी साधा परशा बघितला की मजा जाते म्हणायचा. तिथून बोरगाव जवळ. मधे एक गाव लागतं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात.

तिथल्या लोकांनी काय बघितलं ते मला नीट कळतं. भर दुपार. समोरून स्कूटरवर जोकर. मागं शाळेच्या कपड्यातलं पोर, डोक्यावरून फडकं बांधलेलं, दोरीनं आवळलेलं, हलत नाही. मी जरी त्या रस्त्याच्या कडेला असते तरी आडवी गेले असते, ओरडून माणसं गोळा केली असती. अडवलं म्हणून मी कुणालाच दोष देत नाही. बेळगावात जे बघून पोरं टाळ्या पिटतात ते इथं कुणी बघितलेलंच नव्हतं. चूक म्हणावी तर ती इथवरच होती, आणि तिचा राग मला कधीच आला नाही.

राग आहे तो त्यापुढच्याचा. व्हिडिओत ते सगळं आहे. मी तो एकदाच पुरता बघितला, पण आता बघावा लागत नाही. आधी स्कूटर आडवी पडते. कुणीतरी दोरी कापतं. कुणीतरी फडकं ओढतं, मुखवटा निघून येतो, शर्टाची बटणं तुटतात आणि रस्त्यावर गवत सांडतं. क्षणभर सगळे थांबतात. एक आवाज स्पष्ट ऐकू येतो, "अरं गवत हाय रं ह्यात. पोरगं न्हाय." इथं माझा जीव दरवेळी भांड्यात पडतो, अजूनही पडतो, शेवट ठाऊक असूनसुद्धा. मग दुसरा आवाज येतो, "मग ह्यो सोंग घिऊन का फिरतोय?" आणि पहिली काठी त्यानंतर बसते.

पहिली काठी गवत बघितल्यानंतर बसली. हे मी सांगते तेव्हा लोक मान हलवतात आणि म्हणतात, हो ना, गैरसमजातून झालं. गैरसमज गवताबरोबर रस्त्यावर पडला होता. त्यानंतर जे झालं ते नीट समजून झालं. हात शिवशिवत होते, पोटात आठवडाभराची भीती साठलेली होती, आणि ती खोटी निघाली याचाच बहुधा जास्त संताप आला. एवढे लोक जमलेत, कुणीतरी फोन उंच धरलाय, आता नुसतं घरी कसं जायचं.

मारायच्या आधी त्यांनी त्याचं तोंड पुसलं. रस्त्यावरच्या मातीनं घासून रंग काढला, खरं तोंड बघायचं होतं. ते बघून ते नाव विचारू लागले, गाव विचारू लागले, कुणी मराठीत, कुणी कानडीत. परशाला दोन्ही येतात. पण रंग गेला तसा त्याचा आवाजही गेला. त्याची स्कूटर कोल्हापुरात जुनी घेतलेली, नंबर एमएच. आमच्या भागात अशा गाड्या घरोघरी आहेत, त्या गावातही असतील. त्या दिवशी मात्र तो नंबर बघून कुणीतरी म्हणालं, बघा, पलीकडनंच आलाय. माझ्या माहितीप्रमाणे परशा त्याच्या आयुष्यात पलीकडे फक्त ती स्कूटर आणायला गेला होता.

वाट बघून बघून आप्पा स्वतः शोधायला निघाले म्हणून तो वाचला. धोतर नेसलेला तो म्हातारा गाडीतून उतरला आणि सरळ परशाच्या अंगावर जाऊन आडवा पडला. त्यांच्याही पाठीवर फटके बसले. मग कुणीतरी त्यांना ओळखलं, आणि ओळखीच्या माणसाला लागलं म्हणून काठ्या थांबल्या. निपाणीच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा आप्पा बाकावर बसून होते. परशाचे पुढचे दात गेले होते, मनगट मोडलं होतं. कानामागं थोडा पांढरा रंग राहिला होता, तो मी पदरानं पुसला.

पुढं त्या मधल्या गावातली जाणती माणसं केळीचा घड घेऊन दुकानात आली. झालं ते झालं, पोरं भ्यालेली होती, जमावात कुणाकुणाचं नाव घेणार, केस झाली तर पोरांच्या नोकरीला अडचण येईल. सगळं गोडीत बोलले. परशा त्याच खोलीत बसून होता, पण सगळे माझ्याशीच बोलत होते. उठताना एकजण म्हणाला, "पण आक्का, तुमच्या भावानं तरी असलं सोंग कशाला घ्यायचं?" मी म्हटलं, तो पोरांना हसवायला निघाला होता, तुम्ही कशाला निघाला होता ते सांगा. परशानंच मला खुणेनं थांबवलं. त्यानं तक्रार पुढं नेली नाही, आणि का नेली नाही हे त्याला विचारून उपयोग नव्हता. केळी मी कुणाला खाऊ दिली नाहीत. पायरीवर काळी पडली, मग गायीनं नेली.

त्या डिसेंबरनं माझ्या भावाचे दात नेले याचं मला तितकं वाटत नाही, दात नवे बसवता आले. त्याचं बोलणं गेलं. फौंड्रीत जातो, येतो, येताना दुकानात थांबून काज-बटणं करून देतो. कुणी गिऱ्हाईक आलं की आत जाऊन बसतो. वाढदिवसाचं कुणी विचारत नाही. गल्लीत कुणाचा वाढदिवस असला तर आता अस्वलाचा ड्रेस घातलेला दुसराच कुणीतरी येतो, आणि ते अस्वल एक शब्द बोलत नाही, नुसतं हात हलवतं. मंडळी खूश असतात. परशाच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोरं रस्त्यात दिसली की त्यांच्या आया त्यांचा हात जरा जवळ ओढतात. त्याला ओळखत नाहीत म्हणून नव्हे, ओळखतात म्हणून. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला आहे, आणि एवढा मार खाल्ला म्हणजे काहीतरी असेलच, असं त्यांना आतून वाटतं.

ड्रेस मात्र मी टाकला नव्हता. दवाखान्यातून आणला, दोनदा धुतला, फाटलेल्या पिवळ्या बाहीला नवं सॅटिन लावलं, तुटलेले गोंडे पुन्हा केले. इस्त्री करून ट्रंकेत ठेवला. कधीतरी एखाद्या रविवारी तो पुन्हा मागेल, असं मी धरून चालले होते. दर डिसेंबरला गॅदरिंगचे कपडे काढताना तो हाताला लागे, मी त्याची घडी बदलून ठेवी. परशाला हे ठाऊक होतं, पण तो कधी त्याबद्दल बोलला नाही.

परवा संध्याकाळी गल्लीतली पोरं दुकानात आली. पुढं ऋतुजा होती, समोरच्या काकूंची नात. तिच्या पहिल्या वाढदिवसाला परशानं तिला डोक्यावर घेऊन नाचवलं होतं. पोरांचा ओल्डमॅन करायचा चालला होता. मुखवटा मिळाला होता, गवत आणलं होतं, कपडे हवे होते. मी जुन्या शर्टांचं गाठोडं काढू लागले, तर ती आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "मामा, तुमचा जोकरचा ड्रेस द्या की. तुम्ही आता घालत न्हाईसा न्हवं?" तिच्या मनात काही नव्हतं. मुखवटा जोकरचा मिळाला होता, त्याला शोभेल असं मागत होती.

माझं डोकं फिरलं. ड्रेस जाळायला मिळणार नाही, चला निघा, असं मी जोरात बोलले. पोरं मागं सरली. तेवढ्यात आत ट्रंकेचं झाकण वाजलं. परशा ड्रेस हातावर घेऊन बाहेर आला. इस्त्रीची घडी तशीच होती. त्यानं तो ऋतुजाच्या हातात दिला. मी परत घ्यायला हात पुढं केला, तेव्हा तो माझ्याकडं बघून बोलला. इतक्या दिवसांत चार पोरांसमोर तो पहिल्यांदाच एवढं बोलला असेल, आणि तेही रंगाशिवाय.

"जळू दे गं आक्का," तो म्हणाला. "ह्याच्या आत गवत हाय, ह्ये निदान आधीच ठावं हाय सगळ्यास्नी."

पोरांनी तिथंच पायरीवर बसून गवत भरायला घेतलं. बाह्या रुंद होत्या, भरलं तेवढं खालून बाहेर येत होतं. शेवटी मी सुईत पिवळा दोरा ओवला आणि दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून दिली.